काकडी आणि तवसें

काकडीवर पंधरा मिनिटें बोलावयाचें म्हटलें म्हणजे कित्येकांस हंसूं येईल. काकडी ती काय. सोलावी, चिरावी, मीठ लावावें आणि खावी! शहरांतल्या स्वयंपाकघरांत तिची मजल बहुधा कोशिंबिरीच्या वाटीपलीकडे जात नाहीं. परंतु मालवण, वेंगुर्लें, कुडाळ, सावंतवाडी या भागांत, म्हणजे १९८१ सालीं ज्या मुलखाचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेथें, या एकाच फळाचे दोन निरनिराळे स्वयंपाक आहेत आणि त्यासाठीं तोंडांत नांवेंहि दोन आहेत. कोवळी ती काकडी. वेलावर भरपूर वाढलेलें, जाड सालीचें, पिवळसर पडूं लागलेलें तें तवसें. शहरांतली गृहिणी ज्या फळाला ‘जून झालें, बी धरलें’ म्हणून पाटींत बाजूला सारते, तेंच फळ किनाऱ्यावरच्या घरांत मुद्दाम वेलावर राखून ठेवतात. असें कां, हें सांगावयाचें आहे. पण आधीं कोवळ्या काकडीचें पाहूं, कारण बाजारांत रोज गांठ तिच्याशीं पडते.

कोशिंबिरीसाठीं काकडी घ्यावी ती मुठींत मावेल एवढ्या जाडीची, हाताला घट्ट लागणारी आणि दोन्ही टोंकांकडे सारखी भरलेली. देठाकडे बारीक आणि शेंड्याकडे फुगीर असली म्हणजे तिच्या पोटांत बी जून होऊं लागलें असें समजावें. नखानें टोंचून पाहण्याची खोड कांहीं लोकांना असते. ती भाजीवालीचें नुकसान करते आणि त्यांतून कळत मात्र कांहींच नाहीं. त्यापेक्षां काकडी उचलून पाहावी. आकाराच्या मानानें जड लागली तर आंतलें पाणी शाबूत आहे. हलकी लागली तर ती तोडून बरेच दिवस झाले. पावसाळ्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. सालीवर टांचणी टोंचल्यासारखा ठिपका आणि त्यावर डिंकासारखा थेंब दिसला, तर ती फळमाशीची खूण होय. ही माशी कोवळ्या फळाला टोंचून आंत अंडीं घालते, आणि बाहेरून धड दिसणारी काकडी चिरल्यावर आंत अळी निघते.

घरीं आणलेली काकडी शीतकपाटाच्या अगदीं थंड कप्प्यांत ठेवूं नये. दहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं ती कांहीं दिवस राहिली कीं सालीवर पाणथळ डाग पडतात आणि गर बुळबुळीत होतो. सुक्या फडक्यांत गुंडाळून कमी गार जागीं ठेवावी. पिकलेल्या केळ्यांच्या किंवा आंब्यांच्या शेजारीं तर मुळींच ठेवूं नये. पिकत्या फळांतून जो वायु सुटतो त्यानें ती लवकर पिवळी पडते.

आतां कडूपणाविषयीं. देठाकडचा तुकडा कापावा, तो कापल्या जागीं गोल गोल घांसावा, पांढरा फेंस आला कीं पुसून टाकावा, म्हणजे कडूपणा निघून जातो, असें आपण लहानपणापासून पाहात आलों. फेंस येतो हें खरें. तो काकडीच्या शिरांतला चीक होय. घांसला म्हणजे फेंसाळतो. परंतु गरांत भिनलेला कडूपणा अशा घांसण्यानें बाहेर ओढला जात नाहीं. या रीतीचा उपयोग एवढाच, कीं तिच्या निमित्तानें देठाकडचें टोंक कापलें जातें. आणि कडूपणा बहुधा त्या टोंकाशीं व सालीच्या लगत सर्वांत अधिक असतो. म्हणून घांसण्यांत वेळ न घालवितां देठाकडून बोटाच्या एका पेरा-एवढा भाग कापून टाकावा आणि पुढची पातळ चकती जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर आणखी कापावें, साल जाड काढावी, पुन्हां चाखावी. तरीहि कडूच लागली तर ती काकडी सबंध टाकून द्यावी.

या शेवटच्या वाक्यावर मी जोर देतें, कारण काटकसरी घरांत तेंच पाळलें जात नाहीं. कोणी ती काकडी किसून गुळांत शिजविते, कोणी वाटून मिरचीच्या ठेच्यांत झांकते. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या कुळांतल्या कडू द्रव्यांना शास्त्रांत कुकरबिटासिन म्हणतात. रानटी वेलांत तीं भरपूर असतात आणि फळ खाणाऱ्या प्राण्यांपासून व किड्यांपासून वेलाचें रक्षण करतात. माणसानें पिढ्यान् पिढ्या गोड फळांचेंच बी राखून आपल्या जातींतून तीं घालविलीं. तरी उन्हाचा ताप झाला, पाण्याची ओढ बसली कीं एखाद्या वेलावर तीं पुन्हां डोकें वर काढतात. शिजवून तीं नाहींशीं होत नाहींत. गुळानें चव झांकते, पोटांत जावयाचें तें जातेंच, आणि मग उलट्या व जुलाब होतात. २०१० सालीं दिल्लीस कडू दुधीचा रस प्याल्यामुळें एका शास्त्रज्ञाचा मृत्यु झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें हाच सल्ला दिला, कीं रस काढण्यापूर्वीं तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा. कारल्याची गोष्ट निराळी; तें कडूच असावयाचें. पण जें फळ गोड असावयास हवें तें कडू निघालें, तर त्याची भीड धरूं नये.

काकडीच्या शंभर भागांत पंचाण्णव भाग पाणीच असतें, आणि काकडीचा सगळा पाक म्हणजे या पाण्याची व्यवस्था आहे. कोशिंबीर पानांत वाढतांना छान असते आणि दुसरा भात येईपर्यंत तिचें तळें होतें, हा अनुभव कोणाला नाहीं? मीठ लागलें कीं काकडी पाणी सोडूं लागते, आणि किसलेल्या काकडीला तर मिठाचीहि वाट पाहावी लागत नाहीं, कारण किसणीनें तिच्या पेशीच फाटलेल्या असतात. म्हणून जुन्या बायका खमंग काकडीसाठीं काकडी किसत नसत, चोचवीत असत. सोललेली काकडी डाव्या हातांत उभी धरावी, सुरीच्या धारेनें तिच्यावर जवळजवळ बारीक घाव घालावे, आणि मग विळीवर वरचा थर पातळ उतरावा, म्हणजे तांदळाएवढे टवटवीत कण पडतात. हाताला संवय व्हावी लागते. ज्यांना तें जमत नाहीं त्यांनीं बारीक चिरावी, पण किसूं नये. चार काकड्या असल्या तर मूठभर दाण्याचें कूट, मूठभर ओलें खोबरें, एक हिरवी मिरची, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, आणि वर तुपांत जिऱ्याची फोडणी. कूट केवळ चवीसाठीं घालतात असें समजूं नका; सुटणारें पाणी तेंच पितें. किनाऱ्यावर कूट कमी आणि खोबरें अधिक असतें, तेव्हां तेथें मिठाचें पथ्य अधिक कडक. मीठ पानें मांडल्यावर घालावयाचें, आधीं नाहीं.

दह्यांतली कोशिंबीर मात्र उलट रीतीनें करावी. काकडीला आधींच मीठ लावून पंधरा-वीस मिनिटें ठेवावें, हलक्या हातानें पिळावें आणि घट्ट दह्यांत मिसळावें. पिळून निघालेलें खारट पाणी मोरींत ओतणें हा शुद्ध उधळेपणा होय. त्यांत थालिपिठाचें पीठ भिजवावें किंवा तें ताकांत घालावें. मीठ मात्र त्या बेतानें कमी.

एवढें कोवळ्या काकडीचें झालें. तवशाचा विचार याच पाण्यापासून सुरू होतो, पण उलट्या बाजूनें. कोशिंबिरींत जें पाणी आपण टाळतों तेंच तवशाच्या पदार्थांत हवें असतें. या पदार्थांत बाहेरचें पाणी घालावयाचें नसतें. तांदूळ भिजतो, फुगतो आणि शिजतो तो तवशाच्याच रसांत. कोवळ्या काकडीचा रस नुसता पाणचट असतो. वाढलेल्या फळाच्या गराला चिवटपणा आणि वास आलेला असतो, आणि तो पिठाला धरून राहतो. बाजारांतल्या कोवळ्या काकडीची तवसळी फिकी होते ती याच कारणानें.

तवसें मध्यें उभें कापून बिया आणि भोंवतालचा मऊ मगज चमच्यानें काढून टाकावा. फार पिकलेल्या फळाचा हा मगज आंबूस असतो. तो गोड पदार्थाला चालत नाहीं. आमटींत चिंचेऐवजीं थोडा घालतां येतो. साल जाड काढावी आणि गर किसावा. येथें किसणी हवीच.

तवसळी म्हणा, कोणी धोंडस म्हणतात, तें म्हणा. तांदूळ धुऊन सावलींत वाळवावे आणि रवाळ दळावे. पूर्वीं हें जात्यावर होई. आतां मिक्सरमध्यें होतें, फक्त पीठ होऊं देऊं नये. हा रवा दोन वाट्या घेऊन चमचाभर तुपावर खरपूस वास येईपर्यंत भाजावा. रसासकट तवशाचा कीस तीन वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी आणि खोवलेला नारळ एक वाटी एकत्र करून विस्तवावर ठेवावें. गूळ विरघळून उकळी आली कीं चिमूटभर मीठ, पाव चमचा हळद आणि भाजलेला रवा घालावा. मंद आंचेवर ढवळीत राहावें. रवा रस पिऊन फुगतो आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडूं लागतें. या वेळीं तें कोरडें वाटलें तर नारळाचें दूध घालावें. मग वेलदोड्याची पूड आणि काजूगर. जाड बुडाच्या भांड्याला तूप लावून तळाशीं हळदीचें पान पसरावें, त्यावर मिश्रण ओतून वरून सारखें करावें.

चुलीवर हें भांडें ठेवून झांकणावर करवंटीचे निखारे घालीत. खालून आणि वरून सारखी धग लागे व दोन्हीकडे तांबूस पापुद्रा येई. शहरांत विजेच्या भट्टींत १८० अंशांवर पाऊण तासांत तेंच काम होतें. भट्टी नसेल तर जाड तव्यावर भांडें ठेवून मंद गॅसवर करावें आणि शेवटीं वड्या तुपावर परतून वरच्या बाजूस रंग आणावा. गरम असतांना कापण्याची घाई करूं नये. ती मोडते, आणि मोडली कीं सगळा दोष कृतीच्या माथीं येतो. पुरती निवूं द्यावी, शक्य तर दुसऱ्या दिवशीं खावी, लोणी किंवा साजूक तूप लावून. तळाची करपट कड कोणाला मिळावी यावरून मुलांत तंटा होतो; तो कसा सोडवावा हें मात्र मला आजवर साधलेलें नाहीं.

याच कीस-गुळाच्या मिश्रणांत रव्याऐवजीं तांदळाचें पीठ घातलें, गरम असतांनाच मळलें आणि हातावर थापून तळलें कीं घारगे होतात. तेंच मिश्रण जरा सैल ठेवून हळदीच्या पानावर पसरून, पान दुमडून उकडलें कीं पातोळे. हळदीचीं पानें श्रावणांत ऐन भरांत असतात आणि तवशीं त्याच सुमारास येऊं लागतात, तेव्हां नागपंचमीला हा बेत आपोआप जमतो. तिखट हवें असेल तर घावन करावें. भिजवलेले तांदूळ तवशाच्या फोडींबरोबर पाण्याशिवाय वाटावे, मिरची व मीठ घालावें, आणि बिडाच्या तव्याला नारळाच्या शेंडीनें तेल पुसून पातळ घावन सोडावें. पीठ वाटल्यावर लगेच वापरावें. ठेवलें कीं पाणी सुटतें आणि घावन तव्याला चिकटतें.

वाळूक आणि चिबूड यांचा घोटाळा या पदार्थांत होऊं देऊं नये. तीं काकडीचीं चुलत भावंडें. वनस्पतिशास्त्राप्रमाणें खरबुजाच्या जातींत मोडतात. पिकून फुटलेला चिबूड गूळ किंवा साखर घालून खावा, यापेक्षां अधिक त्याला कांहीं करूं नये असें माझें मत आहे. तो शिजवला कीं त्याचा सगळा सुगंध जातो.

भाद्रपदांत गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा घोंस, रानांतलीं फुलें आणि फळें यांत एक तवसें टांगलेलें असतें, आणि बहुधा जवळच लालभडक कवंडळहि असतें. दोघेंहि एकाच कुळांतलीं. एक गोड आणि दुसऱ्याच्या कडूपणाची आपल्या भाषेंत उपमा झालेली. दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य, म्हणून दारच्या मांडवावरच्या भाजीला मान. हें तवसें बाजारांतून आणलेलें नसे. मृगाच्या पावसावर परसांत आळें करून बी घालावें, वेल मांडवावर चढवावा, आणि चतुर्थीला फळ तयार असावें, असा हिशेब घराघरांत बसलेला होता.

तो हिशेब आतां पुष्कळ घरांत राहिलेला नाहीं. १९९८ सालीं कोकण रेल्वे सुरू झाली आणि चतुर्थीला मुंबईहून घरीं जाणें सोपें झालें. परंतु चतुर्थीच्या आदल्या दिवशीं कुलूप काढणाऱ्या घरांत ज्येष्ठांत आळें कोण करणार? मंडळी बाजारांतून तवसें आणून माटवीला बांधतात. पूजा यथासांग होते. घरचें बी मात्र गेलेलें असतें. एका घरचीं तवशीं लांबट, दुसऱ्याचीं आंखूड व पांढुरकीं, तिसऱ्याचीं पिकल्यावर तांबूस जाळीचीं, असे जे भेद होते ते कोठल्याहि पुस्तकांत नव्हते. ते त्या त्या घरच्या बियांत होते. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें कोकणच्या पावसासाठीं ‘शीतल’ नांवाची चांगली जात दिली आहे, आणि ज्यांच्याजवळ जुनें बी उरलें नाहीं त्यांनीं ती जरूर लावावी. दुकानांतल्या संकरित बियाण्याचें फळ भरपूर येतें. पण त्या फळाचें बी धरून पुढच्या वर्षीं पेरलें, तर तसेंच फळ येईल याचा भरंवसा नसतो.

ज्यांच्या घरीं जुना वेल अजून चढतो त्यांच्यासाठीं शेवटचें सांगतें. बियांसाठीं फळ राखणें तोट्याचें वाटतें, आणि तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. एक फळ वेलावर पिकत राहिलें कीं वेल त्याच्यावरच शक्ति खर्चतो आणि नवीं फळें कमी धरतो. म्हणून पुष्कळजण शेवटचें, उरलेंसुरलें, वांकडें फळ बियांसाठीं सोडतात. तसें करूं नये. सर्वांत निरोगी वेल निवडावा, त्याच्यावरचें दुसरें किंवा तिसरें सुरेख फळ चिंधी बांधून राखावें, म्हणजे चुकून कोणी तोडणार नाहीं. आणि खाण्यासाठीं दुसऱ्या वेलांवर अवलंबून राहावें. जवळ दुसऱ्या जातीच्या काकडीचा वेल असेल तर मधमाश्या दोघांचे पराग मिसळतात, तेव्हां तो दूर असावा. चिबडाची भीति नको. काकडीच्या पेशींत गुणसूत्रें १४ आणि चिबडाच्या २४. त्यांचा संकर होत नाहीं, दोन्ही एकाच मांडवावर खुशाल चढवावे.

चिंधीचें तवसें वेलावरच पुरतें पिवळें-तांबूस होऊं द्यावें, आणि तोडल्यावरहि आठ-दहा दिवस केळीच्या सोपटाच्या दोरीनें आढ्याला टांगून ठेवावें. मग फोडून बिया मगजासकट वाटींत एक-दोन दिवस ठेवाव्या, म्हणजे वरचा बुळबुळीत पडदा सुटतो. स्वच्छ धुवाव्या, ज्या पाण्यावर तरंगतील त्या पोकळ, त्या टाकाव्या. बुडालेल्या बिया सावलींत वाळवाव्या. पूर्वीं त्या राखेंत घोळून शेणाच्या गोळ्यांत धरून भिंतीला थापीत असत. शहरांतल्या भिंतीला तें मानवणार नाहीं. सुक्या राखेबरोबर घट्ट झांकणाच्या बाटलींत भरून, जातीचें नांव व साल लिहून, गार जागीं ठेवल्या तरी चालतें. पुढच्या मृगापर्यंत त्या चांगल्या राहतात, आणि नीट वाळविल्या असतील तर त्यापुढेंहि. गच्चीवर मोठी कुंडी असेल तर तीन बिया टोंचाव्या आणि एकच रोप ठेवावें. पहिलीं फुलें बहुतेक नर असतात व गळून पडतात, त्यानें निराश होऊं नये. ज्या फुलाच्या मागें बोटाच्या पेराएवढी चिमुकली काकडी दिसेल, तें मादीचें.